भाऊकाकांच्या खुनाचा खटला

जे मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो. माझ्या चुलत्यांनी, म्हणजे भाऊकाकांनी, स्वतःच्या खुनाचा खटला जिवंतपणी घरी चालवला होता. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, रोज संध्याकाळी चहानंतर. मयत ते स्वतः होते, बचावाचे वकीलही तेच होते, आणि आरोपी मी होतो. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ द्यावं. तेव्हा आम्हालाही येत असे.

भाऊकाका फौजदारीचे वकील. रियासतीच्या दिवसांपासून इंदरगंजच्या कोर्टात त्यांची वकिली. ठेंगणे, पोट सुटलेले, आवाज मात्र असा की चहाच्या टपरीवर बसलेल्या पक्षकाराला आपल्या खटल्यातली उलटतपासणी बसल्या जागी ऐकू यायची. त्यांचा एक नियम होता. काळा कोट अंगावर असल्याशिवाय कायद्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. "कोटाशिवाय दिलेला सल्ला म्हणजे गप्पा," ते म्हणत. एकदा ते पंचा गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर येतात तो अंगणात बिर्लानगरचा एक गिरणी कामगार हात जोडून उभा. त्याचा भाऊ मारामारीत पकडला गेला होता. "वकीलसाब, जमानत हो जाएगी?" भाऊकाकांनी हात वर करून त्याला थांबवलं, खुंटीवरचा कोट ओल्या अंगावर चढवला, सगळी बटणं लावली, आणि मग खाली पंचा आणि वर कोट अशा थाटात म्हणाले, "हो जाएगी."

त्यांची दुसरी सवय घरातल्यांना जास्त महाग पडायची. कोणतीही केस कोर्टात नेण्याआधी ते ती घरी चालवून पाहत. त्या घरगुती सुनावणीला आमच्याकडे 'घरची पेशी' म्हणत. फौजदार, पंच, साक्षीदार, सगळे घरचेच. काकू होत्या तोवर मयताचं काम त्यांच्याकडे असे, कारण स्वयंपाक उरकल्यावर तेवढंच त्यांना पाठ टेकायला मिळे. त्या सतरंजीवर आडव्या झाल्या की भाऊकाका फूटपट्टीने जखमा दाखवत.

"ही पहिली जखम. ही दुसरी."

"अहो, गुदगुल्या होतात."

"मयताने मधे बोलू नये."

काकू खरोखरच गेल्या त्या दिवशी भाऊकाका बराच वेळ त्यांच्या उशाशी उभे होते. मग मला म्हणाले, "आज हसली नाही रे."

त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून मी त्यांच्याकडे. वकिलीची परीक्षा पास झालो आणि त्यांच्याच हाताखाली लागलो.

त्या वर्षांत आमच्या गावाचं बिऱ्हाड सारखं हलत होतं. रियासत विलीन झाली आणि मध्यभारत आला. तेव्हा सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला राही आणि उन्हाळ्यात इंदूरला, आणि फायली माहेरवाशिणीसारख्या बोचकी बांधून जात-येत. भाऊकाकांना रियासतीचा दंडाचा कायदा तोंडपाठ होता. तो रद्द होऊन दिल्लीचा लागू झाला, तेव्हा पन्नाशी उलटलेले भाऊकाका माझ्या कॉलेजच्या पुस्तकावरून नवी कलमं घोकायला बसले. "कायदा बदलला, पण चोर तेच आहेत," ते म्हणत, "म्हणून आपलं चाललंय." पुस्तक पाठ होतं न होतं तोच बातमी आली की मध्यभारतही जाणार. नोव्हेंबरात मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूर.

"मग ग्वाल्हेरला काय?" मी विचारलं.

"किल्ला. तो बोचक्यात बांधता येत नाही म्हणून."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. मग पेन धरता येईना. मग कोटाची बटणं मी लावायला लागलो. मानेच्या मणक्यात गाठ होती. पावसाळा सुरू होईतो हात-पाय दोन्ही गेले, शाबूत राहिला तो आवाज आणि डोकं. दुखणं अधूनमधून असं उसळे की ते उशीचा कोपरा दातात धरत. डॉक्टरांनी एका औषधाची बाटली माझ्या हवाली केली, कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितली, आणि जाताना अंगणात मला म्हणाले की हे लांबत जाणारं दुखणं आहे, उतार पडणार नाही.

एका दुपारी भाऊकाकांनी मला हाक मारली. "सदू, कोट आण."

कोट अंगात जाईना म्हणून मी तो पांघरुणावर, छातीपासून खाली नीट पसरला.

"समजा," ते म्हणाले. त्यांचं कोणतंही बोलणं 'समजा'ने सुरू होई. "समजा, एक म्हातारा आहे. हात-पाय गेलेले. बरा होणार नाही. त्याला एक पुतण्या आहे. म्हातारा म्हणतो, मला सोडव. पुतण्या कपाट उघडतो, औषध पाजतो, म्हातारा सुटतो. कोणतं कलम?"

"तीनशे दोन," मी तोंडी परीक्षेत सांगावं तसं सांगून टाकलं. कोणता पुतण्या ते मला मागाहून कळलं.

"शाब्बास. खून."

"पण भाऊकाका, दया म्हणून केलं तर..."

"दया हा हेतू झाला. कोर्ट आधी विचारतं, मारायचं होतं का? होतं. संपलं. का मारलं, ते शिक्षा ठरवताना. कायदा दयेला घरात घेतच नाही असं नाही, सदू. घेतो. पण चपला बाहेर काढायला लावतो आणि शेवटच्या पंगतीला बसवतो."

"सख्ख्या पुतण्याला काही सूट नाही?"

"कायद्याला नातं दिसत नाही. उलट पुतण्याला त्रास जास्त. दरोडेखोराला कुणी विचारत नाही की बाबा रे, घर कुणाच्या नावावर होणार?" त्यांनी जरा दम घेतला. "करशील का?"

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. बाजारातून सुपारी आणशील का, याला म्हणावं तसं.

त्यांचे डोळे भरून आले. पण ते वकील होते. "मात्र एक अट आहे," ते म्हणाले. "तुला सोडवायची पक्की सोय केल्याशिवाय मी मरणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून घरची पेशी सुरू झाली. सरकारी वकील म्हणून आले माथुरसाहेब. हे खरोखरचे सरकारी वकील होते, नुकतेच निवृत्त झालेले, शेजारच्या गल्लीत राहणारे. जन्मभर भाऊकाकांच्या समोर उभे राहून त्यांच्याशी भांडले आणि जन्मभर संध्याकाळी त्यांच्याकडेच चहा प्यायले. त्यांनी 'समजा'चा 'मान लीजिए' केला आणि तो पडदा शेवटपर्यंत बाजूला सारला नाही. सारला असता तर त्यांनाही एखादं कलम चिकटलं असतं. जज्ज म्हणून भिंतीवरच्या घड्याळाची नेमणूक झाली, कारण भाऊकाकांच्या मते तेही कुणाचं ऐकत नाही आणि आपल्या सवडीने चालतं.

"मुलजिम सदाशिव," माथुरसाहेब चहाचा कप खाली ठेवून गरजत, "मयत का मकान किसको मिलेगा?"

"मला."

"नोट किया जाए, हुजूर!" हे घड्याळाला.

"ऑब्जेक्शन!" हे पांघरुणातून. "घराचं छप्पर गळतं, ते नोट करा!"

भाऊकाकांची मांडणी अशी होती. खुनाच्या कलमाला काही अपवाद जोडलेले आहेत. पाचवा अपवाद म्हणतो, मरणारा अठरा वर्षांवरचा असेल आणि त्याने स्वतःच्या संमतीने मरण पत्करलं असेल, तर तो खून नव्हे. गुन्हा आहे, पण एक पायरी खालचा, तीनशे चारचा. "तीनशे दोनमध्ये जज्जाचे हात बांधलेले," ते मला समजावत, "फाशी नाही तर जन्मठेप. तीनशे चारला वर छत आहे, पण खाली तळ नाही! जज्जाच्या मनात आलं तर कोर्ट उठेपर्यंत तुला बाकावर बसवून ठेवील आणि संध्याकाळी घरी पाठवील. सदू, तुझी दया तिथे आत शिरते. त्या फटीतून."

प्रश्न एवढाच की संमती सिद्ध कशी करायची. हात गेलेले, सही होत नव्हती. मी म्हटलं, अंगठा घेऊ या.

"अंगठा?" भाऊकाका कडाडले. "मेलेल्याचाही अंगठा घेता येतो, हे मी तीस वर्षं कोर्टात ओरडून सांगतोय! माझ्याच अंगठ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"मैं तो नहीं रखूँगा," माथुरसाहेब आनंदाने म्हणाले.

तिसरा कुणी साक्षीदार बोलवावा, तर तो विचारणार की आधी कळलं होतं तर थांबवलं का नाही, आणि तोही अडकणार. म्हणजे सगळा भार आरोपीच्या एका बयानावर. माझ्यावर. आणि हे सगळं उरकायचं होतं नोव्हेंबरच्या आत, कारण शिक्षा हलकी झाली तर सरकार अपिलात जाणार, आणि अपील इथे दाखल झालं तर इथेच चालेल असं भाऊकाकांचं गणित होतं. "इथले जज्ज माझी बडबड ऐकत म्हातारे झालेत," ते म्हणत. "मी गेलो याचं त्यांना दुःख होईल, नाही तर सुटल्याचा आनंद तरी होईल. दोन्हीचा फायदा तुला. जबलपूरला मला कोण ओळखतं?"

ते दिवस, खरं सांगतो, त्या घरातले फार हसरे दिवस होते. दुखणं उसळलं की भाऊकाका म्हणत, "कोर्ट थोडा वेळ तहकूब," आणि ओसरलं की, "हं, कुठे होतो आपण?" सकाळी उठल्या उठल्या मला हाक मारून रात्रभरात सुचलेला मुद्दा सांगत. दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी त्यांनी माथुरसाहेबांना पार कोंडीत पकडलं. घर पुतण्याला तसंही मिळणारच होतं, वाट पाहिली असती तरी. मग घाई त्याला कशाची? घाई मयताला होती! मयत शुद्धीवर होता, कायदा जाणत होता, कलम सांगून मेला! माथुरसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांच्याकडे एकच प्रश्न उरला होता.

"औषध पाजते वक़्त मयत ने कुछ कहा था?"

उत्तर ठरलेलं होतं. महिनाभर घोटून घेतलेलं होतं. 'ते म्हणाले, सुखी रहा.' एवढंच म्हणायचं आणि खटला जिंकायचा.

मी म्हणालो, "हो. 'थांब' म्हणाले."

खोलीत फक्त जज्जाची टिकटिक. मग भाऊकाकांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल. "मी कधी म्हटलं थांब?"

"ऐन वेळी म्हणाल, असं मला वाटलं."

"संमती गेली! अरे गाढवा, संमती गेली! सरळ तीनशे दोन! फाशी!"

माथुरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि थंड झालेला चहा संपवला.

सगळ्यांना वाटलं, पोरगा गडबडला. पोरगा गडबडला नव्हता. मला ते उत्तर चांगलं पाठ होतं, आजही आहे. मी ते जाणूनबुजून फिरवलं. आणि एकदा जमल्यावर पुन्हा पुन्हा फिरवलं. पुढच्या खेपेला म्हणालो, औषध दिलं तेव्हा ते झोपेत होते. त्यापुढच्या खेपेला म्हणालो, त्यांच्या सेवेचा मला कंटाळा आला होता. भाऊकाका दर वेळी नवी बाजू रचत, माथुरसाहेब ती पाडायचा प्रयत्न करत, ती टिके, आणि मग मी पाडत असे. एकदा संतापून ते ओरडले, "तुला साक्षीला उभा करण्यापेक्षा मी जगलेला बरा!" त्यावर तिघेही इतके हसलो की त्यांना कळ आली आणि कोर्ट तहकूब झालं.

याच सुमारास डॉक्टरांनी एक गोष्ट सुचवली. मुंबईला किरणांचे उपचार होतात, गाठ जाणार नाही, पण वेदना पुष्कळ उतरतील. नेण्याची सोय ते स्वतः करून देणार होते. भाऊकाका म्हणाले, "जाऊन येण्यात महिना जाईल, डॉक्टर. माझी एक केस नोव्हेंबरच्या आत निकाली काढायची आहे." डॉक्टरांना वाटलं, पक्षकाराची असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती केस कधीच निकाली निघणार नाही हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. मी त्यांची बॅग उचलली आणि त्यांना टांग्यापर्यंत पोचवून आलो.

नोव्हेंबर आला. नवं राज्य झालं. ग्वाल्हेरला हायकोर्टाचं खंडपीठ तेवढं राहिलं, मुख्य गादी जबलपूरला गेली, आणि शहरातले वकील सुतक असल्यासारखे काळ्या कोटात हिंडत राहिले. त्या संध्याकाळी माथुरसाहेब आले तेव्हा भाऊकाकांनी त्यांना चहा द्यायला सांगितलं आणि मला म्हणाले, "सदू, कोट काढून ठेव."

मी पांघरुणावरचा कोट उचलला.

"मी केस मागे घेतो," ते म्हणाले. "तुला बाहेर काढायचा रस्ता मला सापडला नाही. रस्ता नसताना तुला आत घालणार नाही." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. साक्षीदार कच्चा असला तर तो पक्का करणं वकिलाचं काम. माझीच तयारी कमी पडली."

त्यानंतर ते थंडीभर जगले. मुंबईचा प्रवास आता झेपणारा नव्हता. बाटलीतलं औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी देत राहिलो, त्याचा उपयोग होईनासा झाला तेव्हाही तेवढंच देत राहिलो. इंदरगंजपर्यंत पोचणारा तो आवाज शेवटी नुसता कण्हण्यापुरता उरला. पण त्यांनी पुन्हा एकदाही मला विचारलं नाही. केस मागे घेतलेली होती आणि ते शब्दाचे पक्के होते. शुद्धीत असले की माथुरसाहेबांना चिडवत, "तुम्ही जिंकलात याचं दुःख नाही, घड्याळासमोर जिंकलात याचं आहे." संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी ते गेले. तिळगूळ घेऊन आलेल्या बायका दारातूनच परत फिरल्या.

स्मशानातून परतताना माथुरसाहेब माझ्याबरोबर चालत होते. मग म्हणाले, "बेटा, पूरी उम्र गवाहों से पाला पड़ा है. जो गवाह रोज़ नई ग़लती करे, वो भुलक्कड़ नहीं होता." मी खाली मान घालून चालत राहिलो. त्यांनीही पुढे कधी विषय काढला नाही. मी मात्र फौजदारी सोडली. तेव्हापासून जमिनीच्या हद्दींचे वाद चालवतो. त्यात कुणी मरत नाही, पक्षकार कंटाळून मरतात तेवढेच.

नातलगांत माझं नाव चांगलं आहे. चुलत्याची सेवा करावी तर सदूसारखी, असं म्हणतात. मी ऐकून घेतो. का फिरवली साक्ष, याची कारणं मी स्वतःला आळीपाळीने देत आलो आहे. मला ते हवे होते, हे खरं. मला तुरुंगाची भीती वाटत होती, हेही खरं. इंदूरच्या एका घरी माझं लग्न ठरत आलं होतं आणि कोर्ट उठेपर्यंतच्या शिक्षेवरही सासरच्यांचं काय म्हणणं पडेल याचा मी विचार करत होतो, हे सगळ्यांत खरं. यातलं एकही कारण लाजिरवाणं नव्हतं. एखादा माणूस चुलत्याला मारायला धजत नाही, याबद्दल त्याला कुणी नावं ठेवणार नाही, कायदा तर नाहीच नाही. भाऊकाकांनीही ठेवली नसती. 'मला जमणार नाही' असं मी त्या दुपारीच म्हटलं असतं, तर ते तासभर रुसले असते, आणि मग कोट मागवून दुसरा मार्ग शोधायला लागले असते. मुंबईला गेले असते. डॉक्टरांशी भांडून औषध वाढवून घेतलं असतं. थोड्या कमी वेदनेत गेले असते, आणि आपण शेवटची केस हरलो असं न मानता गेले असते. मी हो म्हणालो, आणि त्या होकाराच्या आडोशाला लपून त्यांना सगळा पावसाळा आणि दसरा वाट पाहायला लावली.

ती केस पक्की होती. ती त्यांच्यामुळे हरली नाही. हे त्यांना सांगायचं राहिलं, आणि त्याच्याही आधी एक सरळ 'नाही' म्हणायचं राहिलं. मी भाऊकाकांचं एक 'नाही' देणं लागतो.